हायड्रॉलिक डिझाइन शिकायचं तर एक प्रेस पूर्ण हिशेबाला घ्या

हायड्रॉलिक्सचा, म्हणजे तेलाच्या दाबावर यंत्रं चालवण्याच्या तंत्राचा, अभ्यास बहुतेक जण पंपापासून सुरू करतात. गिअर पंप, व्हेन पंप, पिस्टन पंप, मग वाल्व, मग सिलिंडर असे धडे एकामागून एक होतात, चिन्हंही पाठ होतात. मग बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत कोणी साधं विचारतं, ‘चाळीस टनाची प्रेस करायची आहे, मोटर किती एचपीची घेऊ?’ आणि तिथे गाडी अडते, कारण डिझाइनचा क्रम धड्यांच्या उलट चालतो. आधी काम, मग सिलिंडर, मग फ्लो, त्यानंतर पंप, मोटर, पाइप, वाल्व आणि सगळ्यात शेवटी टाकी नि कूलर. हा क्रम अंगवळणी पाडायचा सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे एकच मशीन घेऊन त्याचा हिशेब पहिल्या आकड्यापासून शेवटच्या आकड्यापर्यंत स्वतःच्या हाताने करणं.

बडोद्यात त्यासाठी दूर जावं लागत नाही. कलाभवन १८९० साली तांत्रिक शिक्षणासाठीच सुरू झालं आणि आज तिथे एम. एस. युनिव्हर्सिटीची टेक्नॉलॉजी अँड इंजिनिअरिंग फॅकल्टी आहे. मकरपुरा, पोर, रणोली, वाघोडिया या पट्ट्यात प्रेस, पावर पॅक (पंप, मोटर, टाकी यांचा संच), सिलिंडर बनवणारी आणि दुरुस्त करणारी वर्कशॉप आहेत. डिग्रीचे विद्यार्थी, डिप्लोमावाले, आयटीआय झालेले फिटर, मेंटेनन्समधले इंजिनिअर या सगळ्यांना खालचा रस्ता सारखाच लागू पडतो. ज्याचं गणित कच्चं असेल त्याला वेळ थोडा जास्त लागेल, एवढंच.

आधी एककांवर हात बसवा

मूळ सूत्रं तीनच. बल भागिले क्षेत्रफळ म्हणजे प्रेशर. क्षेत्रफळ गुणिले वेग म्हणजे फ्लो. प्रेशर गुणिले फ्लो म्हणजे पॉवर. चुका होतात त्या एककांत, म्हणून रोजच्या वापराची रूपं पाठ असू द्या. न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरला १० ने गुणलं की बार. चौरस मिलिमीटर गुणिले मिलिमीटर प्रति सेकंद हे उत्तर ६० ने गुणून दहा लाखांनी भागलं की लिटर प्रति मिनिट. बार गुणिले लिटर प्रति मिनिट भागिले ६०० म्हणजे किलोवॅट. किलोवॅटला ०.७४६ ने भागलं की एचपी. एक टन बल म्हणजे ९.८१ किलोन्यूटन, कागदावर १० धरलं तरी चालतं.

सूत्रांपेक्षाही एक समज आधी पक्की व्हायला हवी. कारखान्यात तक्रार येते ती बहुधा गुजरातीत, ‘प्रेशर नथी बनतुं.’ ऐकणारा लगेच पंपाकडे धावतो. पण पंप प्रेशर बनवतच नाही, तो फ्लो देतो. त्या फ्लोला पुढे कुणी अडवलं तरच प्रेशर चढतं. म्हणजे त्या तक्रारीचा खरा अर्थ असा की तेल कुठून तरी सहज निसटतंय. रिलीफ वाल्वच्या (दाब मर्यादेबाहेर गेला की तेल टाकीत सोडणाऱ्या वाल्वच्या) सीटमध्ये कचरा अडकून तो उघडा राहिला असेल, स्पूल (वाल्वच्या आत सरकून तेलाची वाट बदलणारा दांडा) मधल्या स्थितीत अडकला असेल, पिस्टनचं सील फाटलं असेल, किंवा पंपच झिजून आतल्या आत गळत असेल. ‘तेल कुठून पळतंय?’ हा प्रश्न ज्याला सर्किट पाहताच सुचतो त्याचा निम्मा अभ्यास झाला असं आम्ही मानतो.

प्रेससमोर उभं राहून कामाची सायकल वहीत उतरवा

ओळखीच्या वर्कशॉपमध्ये मालकाची किंवा सुपरवायझरची परवानगी घ्या आणि चालू प्रेससमोर तासभर उभे राहा. लागतं ते असं: टेप, मोबाइलचं स्टॉपवॉच, वही. रॅम (प्रेसचा खाली-वर होणारा भाग) किती मिलिमीटर वेगाने खाली येतो, कुठे जॉबला, म्हणजे दाबायच्या वस्तूला, लागतो, तिथून किती खाली दाबतो, किती सेकंद धरून ठेवतो, वर जायला किती वेळ घेतो, आणि प्रत्येक टप्प्यात गेजचा काटा कुठे असतो, हे लिहून घ्या. एका स्ट्रोकवर विसंबू नका, निदान पाच स्ट्रोकची सरासरी घ्या. चालू मशीनच्या कोणत्याही वाल्वचा स्क्रू फिरवायचा नाही. आणि गळती दिसली तर ती बोटाने तपासायची नाही. २०० बारच्या सुईएवढ्या फवाऱ्याने तेल कातडीच्या आत शिरतं. बाहेरून टोचल्यासारखं बारीक दिसतं, पण ती तातडीच्या शस्त्रक्रियेची केस असते.

या टिपणावरून दोन आलेख काढा. आडव्या अक्षावर सेकंद, उभ्या अक्षावर एकात बल, दुसऱ्यात वेग. पुढचं सगळं डिझाइन या दोन आलेखांतून निघतं. हे न काढता जो कॅटलॉग उघडतो तो नेहमी गरजेपेक्षा मोठा पंप घेतो.

इथे उदाहरणाला अशी प्रेस धरू: बल ४०० किलोन्यूटन, म्हणजे साधारण ४० टन. एकूण स्ट्रोक ३०० मिमी. त्यातले पहिले २५० मिमी १०० मिमी प्रति सेकंदाने, शेवटचे ५० मिमी १० मिमी प्रति सेकंदाने. दाब धरणं ३ सेकंद. रॅम आणि वरच्या डायचं वजन ६०० किलो. जॉब काढून नवा ठेवायला १० सेकंद.

सिलिंडर

कामाचं प्रेशर आधी तुम्ही ठरवायचं. प्रेसला २०० बार ही सोयीची निवड आहे. या दाबाचे पंप, वाल्व, होज सहज मिळतात आणि सिलिंडरही अवाढव्य होत नाही. ४,००,००० न्यूटनला २० न्यूटन प्रति चौ. मिमीने भागा, २०,००० चौ. मिमी मिळतात. त्यावरून व्यास निघतो १५९.६ मिमी, म्हणून बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, १६० मिमी. नशिबाने हा प्रमाणित आकार आहे. १५३ सारखं उत्तर आलं असतं तरी १६०च घ्यायचा, कारण सील प्रमाणित आकारातच मिळतात.

१६०च्या बोअरचं क्षेत्रफळ २०,१०६ चौ. मिमी. रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) ११० मिमीचा घेतला तर त्याचं ९,५०३, आणि रॉड बाजूचं कंकणाकृती क्षेत्रफळ उरतं १०,६०३ चौ. मिमी. हे तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा, पुढे पदोपदी लागतील. दोन बाजूंचं गुणोत्तर आलं १.९.

सील आणि मार्गदर्शक बुश यांच्या घर्षणात साधारण ५ टक्के बल जातं. म्हणून प्रत्यक्षात २०९ बार लागतील. रिलीफ वाल्व त्याच्या १० टक्के वर, म्हणजे २३० बारवर बसवायचा. फार जवळ बसवला तर काम चालू असतानाच तो गळू लागतो आणि तेल तापतं. फार वर बसवला तर संरक्षण नावालाच उरतं.

फ्लो, आणि पहिली मोठी चूक

वेगाने खाली यायला २०,१०६ गुणिले १०० म्हणजे १२०.६ लिटर प्रति मिनिट लागतात. दाबताना फक्त १२. हा दहापटीचा फरक नीट पाहा. नवखा माणूस १२० लिटरचा एकच पंप घेतो आणि २०९ बारने गुणतो: ४२ किलोवॅट. पंपाची एकूण कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर ४९, म्हणजे बाजारात मिळणारी ५५ किलोवॅटची मोटर. एवढ्या छोट्या प्रेसला! शिवाय दाबताना लागणार १२ लिटर, उरलेले १०८ लिटर २३० बारवर रिलीफमधून टाकीत, म्हणजे ४१ किलोवॅटची शेगडी टाकीत पेटलेली.

इथेच डिझाइन खऱ्या अर्थाने सुरू होतं. पहिला उपाय रिजनरेशन. वेगाने खाली येताना रॉड बाजूचं तेल टाकीत न सोडता बोअर बाजूलाच वळवायचं. मग पंपाला भरायचं उरतं ते रॉडचं क्षेत्रफळ: ९,५०३ गुणिले १००, म्हणजे ५७ लिटर प्रति मिनिट. बलही मग प्रेशर गुणिले रॉडचं क्षेत्रफळ एवढंच मिळतं, पण खाली येताना तेवढं पुरतं. जॉबला लागण्याआधी लिमिट स्विच (रॅम ठरलेल्या जागी आला की दाबला जाणारा स्विच) रॉड बाजू टाकीला जोडून देतो आणि पूर्ण बल मिळतं. हा बदल व्हायचा राहिला तर ४० टनाच्या प्रेसमधून १९ टनांच्या आतच बल येतं. गेज मात्र पूर्ण दाखवतं आणि लोक सिलिंडर उघडून बसतात.

दुसरा उपाय दोन पंपांचा. एकाच मोटरवर ४५ लिटरचा कमी दाबाचा गिअर पंप आणि १२ लिटरचा जास्त दाबाचा पिस्टन पंप. वेगाच्या टप्प्यात दोघं मिळून ५७ लिटर देतात, प्रेशर ४० बारच्या आत राहतं. ५० बार झाले की अनलोडिंग वाल्व मोठ्या पंपाचं तेल अगदी कमी दाबावर टाकीत सोडतो आणि छोटा पंप एकटा दाबतो. आता मोटर मोजा. वेगाने येताना ५७ गुणिले ४० भागिले ६०० म्हणजे ३.८, कार्यक्षमता धरून ४.५ किलोवॅट. अनलोडिंग उघडायच्या क्षणी ५० बारला ५.६. दाबताना १२ गुणिले २०९ भागिले ६०० म्हणजे ४.२, कार्यक्षमता धरून ४.९, वर मोठा पंप रिकामा फिरवायला सुमारे अर्धा. म्हणजे ७.५ किलोवॅटची, १० एचपीची चार पोल मोटर पुरते. ५५वरून साडेसातवर! हा हिशेब स्वतः केल्याशिवाय त्याची किंमत कळत नाही, म्हणून वाचून पुढे जाऊ नका. कॅल्क्युलेटर घेऊन बसा आणि रॉड ९० मिमीचा धरून पुन्हा करा. रिजनरेशनला लागणारा फ्लो, वर जायचा वेग, दोन्ही बदलतील.

पंपाचा आकार सीसी प्रति फेऱ्यात, म्हणजे दर फेऱ्याला किती घन सेंटिमीटर तेल यावर, निवडायचा. १४४० आरपीएम आणि ९५ टक्के आयतन कार्यक्षमता (गळती वजा जाता प्रत्यक्ष मिळणाऱ्या फ्लोचा वाटा) धरली तर १२ लिटरसाठी ८.८ सीसी लागतात. कॅटलॉगमधला त्याच्या वरचा आकार घ्या आणि दाबण्याचा वेग नि पॉवर नव्या आकड्याने परत तपासा. हा परत तपासायचा टप्पा विद्यार्थी हमखास गाळतात.

पाइप

सक्शनला वेग ०.६ ते १.२ मीटर प्रति सेकंद, रिटर्नला २ ते ३, प्रेशर लाइनला ४ ते ६. सक्शनला ५७ लिटर १ मीटरने न्यायचे तर आतला व्यास ३५ मिमी निघतो. इथे कंजुषी केली की पंप कॅव्हिटेट होतो, म्हणजे तेल अपुरं पडून आत पोकळ बुडबुडे तयार होतात आणि फुटतात: एकसुरी, तीक्ष्ण कूं असा आवाज, आणि काही आठवड्यांत पोर्ट प्लेट (पंपात तेल आत-बाहेर वळवणारी चकती) कुरतडलेली. सक्शनच्या जोडातून हवा शिरत असेल तर आवाज खडखडाटाचा येतो आणि टाकीतलं तेल फेसाळून दुधाळ दिसतं. दोन्ही आजार वेगळे आहेत. सक्शनवर व्हॅक्यूम गेज लावून उणे ०.२ ते ०.३ बारपेक्षा जास्त ओढ दिसली तर पाइप, स्ट्रेनर किंवा थंड जाड तेल यांच्याकडे बघा. हवेच्या संशयाला प्रत्येक जोडावर थोडं तेल सोडून पाहा. आवाज बदलला तो जोड दोषी.

प्रेशर लाइनला ५७ लिटर धरून १६ मिमी आतला व्यास काढाल, आणि एक सापळा तिथेच असतो. रिजनरेशनच्या वेळी जोडापासून बोअर बाजूपर्यंतच्या तुकड्यातून ५७ नाही, १२० लिटर वाहतात. १६ मिमीच्या नळीत तो वेग १० मीटर प्रति सेकंद होतो. तो तुकडा २२ मिमी आतल्या व्यासाचा हवा, म्हणजे २८ मिमी बाहेरची, ३ मिमी जाडीची सीमलेस नळी. प्रत्येक लाइनवर प्रत्येक टप्प्यातला फ्लो पेन्सिलने लिहून काढला की असे सापळे आपोआप दिसतात.

वाल्व: इथे घाई नको

डायरेक्शनल वाल्व (तेल कोणत्या बाजूला जायचं ते ठरवणारा) निवडताना पंपाचा फ्लो बघून चालत नाही. रॅम वर जाताना ५७ लिटर रॉड बाजूला जातात आणि बोअर बाजूने १.९ पट, म्हणजे १०८ लिटर बाहेर पडतात. वाल्व, रिटर्न लाइन आणि रिटर्न फिल्टर यांनी १०८ लिटर पेलायला हवेत. साइज १० चा वाल्व बहुधा पुरतो, तरी त्या स्पूलचा प्रेशर ड्रॉपचा आलेख उघडून खात्री करा. १२० लिटरचा एकच पंप घेतला असता तर हाच आकडा २२९ लिटर झाला असता आणि साइज १६ वर जावं लागलं असतं.

आता ६०० किलोचा रॅम. मोटर बंद, माणसाचा हात डायखाली, आणि स्पूलच्या गळतीतून रॅम हळूहळू खाली. म्हणून रॉड बाजूला काउंटरबॅलन्स वाल्व, म्हणजे ठरलेल्या दाबाखाली तेल अडवून वजन तोलून धरणारा वाल्व, हवाच. वजनाने रॉड बाजूला निर्माण होणारं प्रेशर ५,८८६ भागिले १०,६०३, म्हणजे साडेपाच बारच्या आसपास. सेटिंग त्याच्या ३० टक्के वर, ७ ते ८ बार. भीतीपोटी कोणी ते ४० बारवर नेऊन ठेवतं. मग दाबताना रॉड बाजूला ४० बार उलट उभे राहतात आणि चाळीसपैकी चार टनांहून जास्त बल गायब होतं. डाय बदलताना मात्र यांत्रिक टेकू लावायचाच, कोणत्याही वाल्वच्या भरवशावर हात आत घालू नये.

रॉड बाजूची वाट बंद पडली, स्पूल अडकला किंवा कोणी चुकून कॉक बंद केला, तर आणखी वाईट प्रकार होतो. बोअर बाजूला २१० बार असताना रॉड बाजूला २१० गुणिले १.९, म्हणजे जवळजवळ ४०० बार तयार होतात. मुख्य रिलीफला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण तो पंपाकडे बसलेला असतो. रॉड बाजूला स्वतंत्र रिलीफ द्या आणि त्या बाजूची होज निवडताना हा आकडा समोर ठेवा. आम्ही विद्यार्थ्यांचं सर्किट तपासायला घेतलं की पहिली नजर इथे जाते.

डीकॉम्प्रेशन, म्हणजे कोंडलेला दाब हळूहळू सोडणं, हा विषय वर्गात ओझरता येतो, प्रेसमध्ये मात्र त्यावाचून चालत नाही. तेल दर १०० बारला सुमारे ०.७ टक्के आकसतं. पूर्ण स्ट्रोकला बोअर बाजूला ६ लिटर तेल असतं, २१० बारला ते ९० मिलीच्या आसपास दबलेलं असतं, शिवाय फ्रेमही ताणलेली. दाब धरणं संपताच वाल्व एकदम उलटवला तर हे सगळं क्षणात सुटतं. ठण्ण आवाज होतो, पाइप उडी मारतात, जोड सैल होतात, आणि गळतीचा दोष बिचाऱ्या ओ-रिंगवर येतो. छोट्या वाल्वमधून थ्रॉटल करून साधारण अर्धा सेकंद आधी दाब सोडायचा, मग मुख्य वाल्व उलटवायचा. सर्किटमध्ये यासाठी वेगळा सोलेनॉइड (वाल्वचा स्पूल सरकवणारा विद्युतचुंबक) आणि पीएलसीत (मशीनच्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या कंट्रोलरमध्ये) वेगळी पायरी ठेवा.

सोलेनॉइडबद्दल एवढंच: एसी कॉइलचा आर्मेचर पूर्ण आत बसला नाही तर ती मोठा करंट ओढत राहते आणि जळते. डीसी कॉइलचं तसं होत नाही. एसी कॉइल पुन्हा पुन्हा जळत असेल तर नवी कॉइल लावण्याआधी स्पूल हाताने दाबून तो मोकळा हलतो का ते पाहा.

उष्णतेचा ताळेबंद, बडोद्याच्या मे महिन्यात

पुस्तकातली उदाहरणं २० अंशांच्या खोलीतली असतात. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४२ अंश असतात, पत्र्याच्या शेडखाली त्याहून जास्त. म्हणून उष्णतेचा हिशेब शेवटी कधीतरी करायची गोष्ट मानू नका.

सायकल साधारण २४ सेकंदांची आहे: खाली येणं २.५, दाबणं ५, धरणं ३, डीकॉम्प्रेशन अर्धा, वर जाणं ३.४, जॉब बदलणं १०. प्रत्येक टप्प्यात मोटरने दिलेली आणि कामाला न लागलेली ऊर्जा किलोज्यूलमध्ये मांडा. खाली येण्यात आणि वर जाण्यात जवळजवळ सगळीच उष्णता होते, ११ आणि १५ किलोज्यूल. दाबताना पंपाचं नुकसान आणि मोठ्या पंपाचं रिकामं फिरणं मिळून सुमारे ६. जॉब बदलताना दोन्ही पंप ८ बारवर मोकळे फिरले तर ९. धरण्याचे ३ सेकंद मात्र तुमच्या निवडीवर आहेत. छोटा पंप रिलीफवरून वाहू दिला तर १७ किलोज्यूल. पायलट ऑपरेटेड चेक वाल्वने (एकाच दिशेने तेल जाऊ देणारा, हवा तेव्हा दाबाने उघडता येणारा वाल्व) दाब कोंडून पंप मोकळे केले तर ३च्या आत. डीकॉम्प्रेशनमध्ये आणखी सुमारे १. चांगल्या निवडीने बेरीज ४५ किलोज्यूल, भागिले २४ सेकंद, म्हणजे सरासरी १.८ किलोवॅटच्या थोडं वर.

टाकी पंपाच्या मिनिटाच्या फ्लोच्या तीन ते पाच पट. ५७ लिटरला २०० लिटरची टाकी ठीक. ८०० गुणिले ५०० गुणिले ५०० मिमीच्या टाकीचा उपयोगी पृष्ठभाग १.७ चौ. मीटर होतो. स्थिर हवेत पत्रा दर चौ. मीटरला, दर अंशाला १२ वॅटच्या आसपास बाहेर टाकतो. तेल ६० अंशांवर ठेवायचं तर ४२च्या दुपारी फरक १८ अंश, म्हणजे ३७० वॅट. जानेवारीच्या १५ अंशांच्या पहाटे तीच टाकी ९०० वॅट टाकते. सिलिंडर, पाइप आणि फ्रेम थोडी मदत करतात, तरी मे महिन्यात सुमारे दीड किलोवॅट कूलरवरच पडतात. थंडीत सुरू केलेली आणि ‘कूलर लागत नाही’ म्हणून पास झालेली मशीन एप्रिलपासून ‘तेल गरम थाय छे’ म्हणू लागते, त्याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

एअर कूलर घेताना कॅटलॉगमधला किलोवॅटचा आकडा किती अंशांच्या फरकासाठी दिलाय ते आधी पाहा. ४० अंशांच्या फरकाला ४ किलोवॅट देणारा कूलर १८ अंशांना १.८च देतो. वॉटर कूलर छोटा असतो, पण बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्याने त्याच्या नळ्या चोंदतात, म्हणून पाणी कुठलं हे आधी विचारा.

तेलही याच हिशेबाने ठरतं. व्हीजी ४६ म्हणजे ४० अंशांना ४६ सेंटिस्टोक्स, ६० अंशांना ते निम्म्याच्याही खाली येतं. व्हीजी ६८ तिथे २८-३० राहतं. उन्हाळाभर ६० अंशांच्या आसपास चालणाऱ्या मशीनला ६८ बरं, चांगला कूलर असेल तर ४६. पंप बनवणाऱ्याने दिलेली किमान व्हिस्कॉसिटी शेवटचा शब्द.

स्वच्छता

स्पूल आणि बॉडीतली फट काही मायक्रॉनचीच असते, डोळ्याला दिसणारा कण त्याहून कितीतरी मोठा. आयएसओ ४४०६चा कोड वाचायला शिका: १८/१६/१३ मधले तीन आकडे अनुक्रमे ४, ६ आणि १४ मायक्रॉनपेक्षा मोठ्या कणांचे, आणि एक आकडा वाढला की कणांची संख्या दुप्पट. प्रेससाठी रिटर्नला १० मायक्रॉनचा, बीटा २०० (त्या आकाराच्या २०० कणांतला एकच पुढे जाऊ देणारा) किंवा वरचा फिल्टर आणि चोंदल्याचा इंडिकेटर ठेवा. टाकीच्या ब्रीदरकडे, म्हणजे हवा जाण्यायेण्याच्या गाळणीकडे, सगळे दुर्लक्ष करतात. प्रत्येक स्ट्रोकला रॉडच्या आकारमानाएवढी, इथे २.८५ लिटर, हवा त्यातून आतबाहेर होते आणि शेडमधली धूळ घेऊन जाते. नवीन ड्रममधलं तेलही स्वच्छ समजू नका, ते फिल्टर ट्रॉलीतूनच भरा.

कागद, सिम्युलेशन आणि उघडलेला पंप

इतकं झालं की सर्किट काढा, आयएसओ १२१९च्या चिन्हांत, प्रत्येक वाल्वला क्रमांक आणि सेटिंग देऊन. सोबत सिक्वेन्सचा तक्ता: आडव्या ओळीत टप्पे, उभ्या स्तंभांत सोलेनॉइड, कोणता कधी चालू. सर्किट बोटाने चालवून पाहा. प्रत्येक टप्प्यात तेल पंपातून निघून टाकीत कसं परत जातं ते तोंडाने सांगा. वीज गेली तर रॅम कुठे थांबेल, हे उत्तर तक्त्यात नसेल तर डिझाइन अपुरं आहे. सिम्युलेशन सॉफ्टवेअर यानंतर वापरा. आधी वापरलं तर रंगीत रेषा हलताना पाहून सगळं समजल्यासारखं वाटतं. आयआयटींच्या एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षण मंचावर ऑइल हायड्रॉलिक्सची इंग्रजी व्याख्यानं मोफत आहेत. ती हाच प्रेसचा हिशेब समोर ठेवून ऐका, म्हणजे प्रत्येक व्याख्यानातून वहीत एखादा आकडा सुधारता येतो.

दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये बाद झालेला पंप उघडताना हजर राहायची संधी मिळाली तर सोडू नका. गिअर पंपाची बॉडी सक्शनच्या बाजूला खरवडलेली दिसेल, कारण प्रेशर गिअरला तिकडे ढकलतं. पिस्टन पंपात पितळी स्लिपरच्या तोंडावरचे गोलाकार ओरखडे कचऱ्याचे, पोर्ट प्लेटवरचे खड्डे कॅव्हिटेशनचे. प्रत्येक खुणेचा फोटो काढा आणि खाली कारण लिहा.

पुढची पायरी: फिरणारी मोटर

प्रेस झाली की हायड्रॉलिक मोटरवरचा ड्राइव्ह घ्या, एखाद्या मिक्सरचा किंवा विंचचा. क्रम तोच, फक्त बलाच्या जागी टॉर्क. न्यूटन मीटरमधला टॉर्क म्हणजे बारमधला प्रेशर-फरक गुणिले सीसी, भागिले ६२.८. शाफ्टला २,००० न्यूटन मीटर, ६० आरपीएमला हवे असतील आणि फरक २०० बार, यांत्रिक कार्यक्षमता ९२ टक्के धरली तर मोटर ६८३ सीसीची निघते. फ्लो ९५ टक्के आयतन कार्यक्षमतेने ४३ लिटर प्रति मिनिट, म्हणजे १४.३ किलोवॅट. शाफ्टवर मिळतात १२.६. दोन्ही आकडे कार्यक्षमतेच्या गुणाकाराने जुळतात का ते दर वेळी पाहा, चूक असेल तर इथेच सापडते.

क्लोज्ड लूपमध्ये मोटरचं तेल टाकीत न जाता थेट पंपाच्या सक्शनला परत येतं, म्हणून गळतीची भरपाई करायला चार्ज पंप लागतो, साधारण २० ते २५ बारचा. चार्ज प्रेशर पडलं की मुख्य पंप काही मिनिटांत खराब होऊ शकतो, त्यामुळे त्यावर प्रेशर स्विच लावून मोटर ट्रिप करणं ही चैन समजू नका. लूपमधलं तेल तिथेच फिरून तापतं, म्हणून थोडं तेल सतत बाहेर काढणारा फ्लशिंग वाल्वही हवा.

केस ड्रेनची, म्हणजे मोटरच्या कवचात गळलेलं तेल बाहेर नेणारी, लाइन स्वतंत्रपणे, सरळ टाकीत, कमीत कमी वळणं घेऊन न्या. ती मुख्य रिटर्नला जोडली की रिटर्नचे धक्के केसमध्ये येतात आणि शाफ्ट सील काही बारलाच बाहेर फेकलं जातं. नवी मोटर बसवताना केसमध्ये आधी तेल भरा. मशीन गरम झाल्यावर पूर्ण लोडला केस ड्रेनचं तेल एक मिनिट मोजपात्रात घेऊन आकडा तारखेसह मशीनच्या रजिस्टरमध्ये लिहा. पुढे त्याच प्रेशरला आणि त्याच तापमानाला तो आकडा वाढत चालला की मोटर आतून किती झिजली ते न उघडता कळतं.